श्यामलाताईंचा गाऊन पुढून लोळतो

मुक्ताई पोरेचा कुणावरच विश्वास नाही, आणि हे ती लपवूनही ठेवत नाही. बिबवेवाडीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. कुणी ब्लाउजपीस आणलं की ती आधी ते स्वतः मोजते, आणि गिऱ्हाइकासमोरच मोजते. “ऐंशी सेंटिमीटर म्हणून दिलं ना तुम्हाला? पंचाहत्तर आहे,” असं सांगताना तिला जे समाधान होतं, ते इतर बायकांना देवदर्शनाने होत असावं. सुती कापड आटणार नाही असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं, तरी ती ते बादलीत बुडवल्याशिवाय हातात कात्री घेत नाही. भाजीवाला, गॅसवाला, सोसायटीचा चेअरमन, टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी, सगळे तिच्या लेखी सारखेच. काहीतरी लपवतात.

संजय नावाचा कारागीर तिच्याकडे चौदा वर्षं मशीनवर बसतो. पण कापड कापायचं ते मुक्ताईनेच. त्याच्या हाती कात्री दिली तर उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून तो परस्पर विकेल, असा तिला संशय आहे. संजयने आजवर एकही पिशवी शिवलेली नाही. त्यामुळे तिचा संशय उलट वाढला आहे.

एवढ्या अविश्वासात एकच गोष्ट पक्की होती, ती म्हणजे तिच्या मापांच्या वह्या. लाल पुठ्ठ्याच्या नऊ वह्या, प्रत्येक बाईला एक पान. या धंद्याची एक रीत आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं माप पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही. छाती, कंबर, दंड यांत फरक पडला तर बाई स्वतःच हळूच सांगते, “जरा सैल ठेवा हं.” तिला आपणहून टेप लावणं म्हणजे तुम्ही सुटलात असं तोंडावर सांगणं. आणि उंचीचा तर प्रश्नच नव्हता. मोठ्या बाईची उंची कशाला बदलेल? म्हणून बाईने कापड टाकायचं, “माप आहेच वहीत,” म्हणायचं आणि निघायचं. यात दोघींचाही मान राहायचा. मुक्ताईचं माप चुकत नाही, असं महर्षीनगरपासून अप्परच्या वस्तीपर्यंत बायका एकमेकींना सांगत. नवरा गेल्यावर सहा वर्षं ती या एका वाक्यावर उभी होती. मुलगी नाशिकला सासरी, मुलगा वारलेला. बाकी मागे काही नव्हतं.

ते वाक्य मोडायला श्यामलाताई आगाशे आल्या.

श्यामलाताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौसष्ट. अठरा वर्षांची गिऱ्हाईक. त्यांचं बोलणं मुळातच असं, की समोरच्याला आपला अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळावं. त्या शनिवारी मात्र त्यांनी तेवढा वेळ लावला नाही. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हातात पिशवी. दुकानात चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यादेखत त्यांनी पिशवीतून निळ्या फुलांचा गाऊन काढून टेबलावर पसरला.

“हा पुढून लोळतो आणि मागून वर जातो,” त्या म्हणाल्या. “गॅलरीचा उंबरा ओलांडताना पुढचा काठ पायाखाली आला आणि माझं मनगट गेलं. तिरकंच कापायचं होतं तर आधी सांगायचं, मी तिरकी चालले असते.”

चारही बायका गाऊनकडे बघत होत्या, आणि त्यांतल्या दोघींची लग्नाची ब्लाउजं संजयच्या मशीनवर अर्धवट होती. संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली, की मुक्ताईच्या गाऊनने आगाशेबाईंचा हात मोडला. सोमवारी त्या दोघींपैकी एक येऊन आपली ब्लाउजं न शिवताच घेऊन गेली. घाई आहे म्हणाली. घाई असलेली बाई कापड परत नेते का कधी?

मुक्ताईने शटर अर्धं ओढलं आणि तपासाला बसली. पहिला संशय संजयवर. त्याने शिवताना पुढचा भाग ओढला असणार. शिलाई उसवून बघितली, टाका जागच्या जागी. मग टेपवर. जुन्या टेपा ताणून लांबतात, म्हणून तिने लोखंडी पट्टी लावून पाहिली, सूतभरही फरक नव्हता. मग कापडावर. पण ते तिने स्वतःच बुडवलं होतं. शेवटी वही काढली. आगाशे, गाऊन, उंची बावन्न इंच. गाऊन पुढून बावन्न, मागून बावन्न. दोन्ही काठ एकमेकांवर ठेवले तर एकच दिसावेत.

म्हणजे गाऊन बरोबर होता. मग खोटं कोण बोलत होतं, हे मुक्ताईला लगेच कळलं. आगाशेबाईंची सून कुठल्याशा बुटिकमधून कपडे शिवून घेते. आता सासूलाही तिकडे जायचं असेल. मग सरळ जा की. जाताना माझं नाव कशाला बुडवता? तिला राग आला, आणि रागाखाली भीतीही होती. या वयात नाव गेलं तर परत मिळवायला वेळ कुठला?

दुसऱ्या दिवशी ती वही, टेप आणि गाऊन घेऊन श्यामलाताईंच्या दारात उभी राहिली. “घाला,” म्हणाली, “माझ्यासमोर घाला.” एका हाताने झटापट करत त्यांनी गाऊन घातला. आणि तो खरोखरच पुढून लोळत होता. मागून टाचाच काय, घोटेही दिसत होते.

मुक्ताईच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. बाई मुद्दाम वाकून उभी आहे.

“ताई, सरळ उभ्या राहा.”

“मी सरळच उभी आहे.”

“भिंतीला टेका बरं.”

श्यामलाताई भिंतीला टेकल्या. टाचा टेकल्या, पाठ टेकली. डोकं काही टेकेना. भिंत आणि डोकं यांच्यात मुक्ताईची अख्खी मूठ बसली. तिने खांद्यापासून टेप सोडली. पुढून अडीच इंच कमी, मागून पाऊण इंच जास्त. तिने दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. वहीतलं माप अकरा वर्षांपूर्वीचं होतं. त्यानंतर तिने या बाईला टेप लावलेलीच नव्हती, आणि सवय म्हणून बाईनेही कधी मागितली नव्हती.

आकडा ऐकून श्यामलाताई खुर्चीवर बसल्या. “म्हणजे मी लहान होत चालले आहे?” त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला प्रश्न असावा ज्यात टोमणा नव्हता. मग हळूहळू त्यांनी सांगितलं, की प्लास्टर घालणारी डॉक्टर म्हणाली होती, एवढ्याशा पडण्याने मनगट मोडायला नको होतं, हाडांची घनता तपासून घ्या. पण त्यांना वाटलं, हा सगळा तपासण्यांचा धंदा. मुक्ताईला त्यांच्याबद्दल प्रथमच जरा आपलेपणा वाटला.

ती डॉक्टर, ऋतुजा, श्यामलाताईंचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. मुक्ताई बरोबर गेली, ती वही घेऊनच. ओळखीचे डॉक्टर जास्त तपासण्या लावतात, असं तिचं मत होतं, तेव्हा कुणीतरी जागं माणूस बरोबर असलेलं बरं. तपासणी झाली आणि रिपोर्ट आला. मनगट तर मोडलेलंच होतं, पण पाठीचे दोन मणकेही पुढच्या बाजूने दबलेले होते. कधी दबले ते श्यामलाताईंना कळलंही नव्हतं. त्या कंबरदुखीला शेक देत बसल्या होत्या.

मुक्ताईने वही डॉक्टरच्या टेबलावर ठेवली आणि उलटतपासणी सुरू केली. हाड आपोआप दबतंच कसं? ऋतुजाने शांतपणे सांगितलं. हाड दगडासारखं एकदा घडलं आणि संपलं, असं नसतं. त्यात एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवून खातात, आणि दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. आयुष्यभर हेच चालू.

“म्हणजे एक उसवणारी आणि एक शिवणारी,” मुक्ताई म्हणाली.

अगदी तसंच, ऋतुजा म्हणाली. मुक्ताई लगेच सावध झाली. आपल्या बोलण्याला डॉक्टर इतक्या पटकन हो म्हणते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. जी उसवते तिला आवर कोण घालतं, असं तिने विचारलं.

ऋतुजाने पेन खाली ठेवलं. “इस्ट्रोजेन,” ती म्हणाली. “बायकांच्या अंडाशयात तयार होतं ते.” मग तिने उलगडून सांगितलं. उसवणाऱ्या पेशी तयार होतात त्या मुळात एका निरोपावरून, आणि तो निरोप धाडतात हाड भरणाऱ्यांच्याच घराण्यातल्या पेशी. इस्ट्रोजेन अंगात असेपर्यंत हा निरोप बेताने जातो, आणि त्याला वाटेतच अडवणारं द्रव्यही पुरेसं असतं. शिवाय काम झालं की उसवणाऱ्यांनी मरायचं असतं, तेही इस्ट्रोजेन बघतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं. निरोप वाढतात, उसवणाऱ्या वाढतात आणि वेळेवर मरत नाहीत. भरणाऱ्या पेशी काम थांबवत नाहीत, जरा जास्तच करतात, पण एक खड्डा भरेपर्यंत पुढचे खणून झालेले असतात. आतून जाळीदार असलेलं हाड आधी पोकळ होतं. मणके तसेच, मनगटही तसंच. मणका पुढून दबला की माणूस पुढे झुकतं. पुढून कमी होतं, मागून वाढतं.

“मग गाऊन बरोबर होता,” मुक्ताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. ती श्यामलाताईंकडे वळली आणि त्यांनी काही बोलावं म्हणून वाट पाहत राहिली. इतका मोठा विजय तिला आयुष्यात मिळाला नव्हता.

ऋतुजा मात्र मुक्ताईच्या पुढे झुकलेल्या खांद्यांकडे बघत होती. तिने सहज विचारलं, तुमची पाळी कधी गेली?

“सदतिसाव्या वर्षी. गेली नाही, पिशवी काढली.”

“अंडाशयं ठेवली ना?”

मुक्ताईला प्रश्नच कळला नाही. “ते वेगळं असतं?” तिने विचारलं.

वेगळं असतं, ऋतुजा म्हणाली. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं असतील तर इस्ट्रोजेन चालू राहतं. अंडाशयंही काढली असतील, तर ते त्या दिवसापासून बंद. ऑपरेशनचा कागद असेल तर बघायला हवा.

रिक्षात मुक्ताई वही मांडीवर घेऊन बसली. एकवीस वर्षांपूर्वीचा तो दवाखाना तिच्या डोळ्यांसमोर होता. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. अंगावरून फार जायचं, म्हणून नणंद घेऊन गेली. नणंदेनेही काढून घेतली होती, जावेनेही, सगळ्याच काढत. डॉक्टर म्हणाले, दोन मुलं झालीत, ठेवून काय करायचंय, पुढे कॅन्सर झाला तर? त्या एका शब्दाला भिऊन दाखवतील तिथे तिने सही केली. तेव्हा तिचा धाकटा मुलगाही हयात होता, चार वर्षांचा. त्याला घरी कोण बघेल, एवढाच प्रश्न तिने त्या दिवशी विचारला. पाच सेंटिमीटर कापड कमी आलं तर दुकानदाराला हलवून सोडणारी बाई, आणि आपल्या पोटातून काय काय काढलं हे तिला ठाऊक नव्हतं.

कागद मात्र होता. तिच्याकडचा कुठलाच कागद आजवर हरवलेला नाही. लोखंडी कपाटातून इंग्रजीतली दोन पानं काढून ती त्याच संध्याकाळी श्यामलाताईंकडे गेली. मुलीला फोटो पाठवता आला असता, पण मुलगी आईला वाईट वाटेल म्हणून गाळून सांगेल अशी तिला शंका होती. श्यामलाताई कुणाला वाईट वाटेल म्हणून काही गाळतील, ही शंका कुणालाच आली नसती.

श्यामलाताईंनी डाव्या हातात कागद धरून पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

“वाचा,” मुक्ताई म्हणाली. “जसं आहे तसं.”

“गर्भाशय काढलं. दोन्ही अंडाशयं काढली.”

“खराब होती?”

“तपासणीत दोन्ही निरोगी, असं लिहिलंय. का काढली ते लिहिलेलं नाही.”

मुक्ताई रडली. उभ्या उभ्याच, पदराचा बोळा तोंडाशी धरून रडली. श्यामलाताईंना माणसाच्या पाठीवर हात ठेवायची सवय नव्हती. त्यांनी चहा केला, एका हाताने केल्यामुळे तो ओट्यावर निम्मा सांडला, आणि उरलेला त्यांनी तिला प्यायला लावला.

पुढल्या आठवड्यात मुक्ताईची तपासणी झाली. तिची हाडं तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या श्यामलाताईंहून पोकळ निघाली. इतक्या वर्षांनी इस्ट्रोजेन बाहेरून देण्यापेक्षा उसवणाऱ्या पेशींना थेट आवर घालणारं औषध बरं, असं ऋतुजाने सांगितलं, शिवाय कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं. मुक्ताईने ते औषध तीन वेगवेगळ्या केमिस्टांना दाखवून खात्री केली आणि मगच सुरू केलं. पण औषधाने एक गोष्ट बरी होत नव्हती. विचारायला हवं होतं मी, हे एकच वाक्य ती कापड कापता कापता स्वतःशी म्हणायची.

त्यानंतरच्या शनिवारी दुकानात तीच गर्दी होती. गाऊन पाहिलेल्या बायकांतली एक आली आणि तिरक्या मानेने म्हणाली, “काय हो, आगाशेबाईंचं मिटलं का?” संजय मशीन थांबवून पुढे झाला. मावशीचं माप बरोबरच होतं, त्या बाईचीच पाठ वाकलीय, असं तो सांगायला लागला. मुक्ताईला हे वाक्य हवं होतं, दोन आठवडे ती त्याच्यासाठी तळमळत होती. तिने त्याला हातानेच थांबवलं.

“माप चुकलं होतं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं मी त्यांना टेप लावली नाही. चूक माझी.”

मग तिने टेप गळ्यातून काढली आणि सांगितलं, की आता प्रत्येकीचं माप नव्याने घेणार, जुनं चालणार नाही. आणि माप घेताना ती विचारायला लागली. पाळी कधी गेली? आपली आपण गेली की पिशवी काढली? कागद आहे का? काहीजणी रागावल्या. मुक्ताई माप घेते की पंचनामा करते, असं एकीने सुनावलं आणि गिऱ्हाइकी दुसरीकडे नेली. मुक्ताईने तिचं पान वहीत तसंच ठेवलं. ती परत येईल अशी तिला खात्री नव्हती, पण आली तर नवं माप घेतल्याशिवाय सोडणार नव्हती.

हळूहळू कागद यायला लागले. प्लास्टिकच्या पिशव्यांत, रेशनकार्डाच्या घड्यांत, एक तर चक्क पंचांगात. श्यामलाताई दर शनिवारी दुकानातल्या स्टुलावर बसून ते वाचायच्या. काहींची अंडाशयं ठेवलेली निघत, काहींची गाठीमुळे काढलेली, तसं कारणही लिहिलेलं असे. अंडाशयं काढलेल्यांना ऋतुजाकडे जायला सांगून मुक्ताई मोकळ्या मनाने शिलाईचं बोलायला लागे.

मग येरवड्याहून पायल आली. वय बेचाळीस, एका कंपनीत साफसफाईच्या कामावर, चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून आली होती. तिने कागद दिला आणि भिंतीवरच्या गळ्याच्या डिझाइनांचा तक्ता बघत उभी राहिली. श्यामलाताईंनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि तो मुक्ताईच्या हातात दिला. मुक्ताईला इंग्रजी येत नव्हतं. तिला वाचायची गरजही पडली नाही.

“हिचीही?”

श्यामलाताईंनी होकारार्थी मान हलवली.

दोघींनी पायलला सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, की मला तर नुसती पिशवी काढली असं म्हणाले होते, मग हे केव्हा केलं? ऋतुजाकडे लगेच जा, तू अजून वयाने लहान आहेस, तुला वेळेवर औषध देता येईल, असं श्यामलाताई तिला समजावत होत्या. पायल ऐकत नव्हती. ती खाली बघत स्वतःशीच म्हणाली, “मीच विचारायला पाहिजे होतं.”

मुक्ताईने कात्री टेबलावर ठेवली. हेच वाक्य ती स्वतः किती दिवस म्हणत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच तिला त्याचा संशय आला.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांनी सांगायला पाहिजे होतं. चल, मी येते बरोबर.”